गो मधली ‘अतारी’ आणि व्हिडिओ गेमवाली ‘अटारी’: पाच वेळा अतारी देऊनही सोंगटी निसटली कशी?

तिरकी चाल

नमस्कार मंडळी. मी मूळचा बुद्धिबळवाला. तीन महिन्यांपासून गो (रेघांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या ठेवून खेळायचा खेळ) शिकतोय, अजून ९ बाय ९ च्या छोट्या पटावरच आहे. दोन प्रश्न आहेत.

पहिला नावाचा. ज्या अ‍ॅपवर खेळतो तिथे एखाद्या सोंगटीला शेवटची एकच मोकळी जागा उरली की ‘अतारी’ अशी सूचना येते. लहानपणी मी ज्या यंत्रावर खेळायचो (काळं खोकं, पुढे लाकडासारखी दिसणारी पट्टी, एक दांडी आणि एक लाल बटण) त्याचं नाव अटारी. हा योगायोग आहे की दोघांचा काही संबंध आहे?

दुसरा प्रश्न डावाचा. मी अतारी म्हणजे शह असं समजून चाललोय आणि तिथेच काहीतरी चुकतंय. कालचा डाव देतो. पहिला आकडा डावीकडून कितवी उभी रेघ, दुसरा आकडा खालून कितवी आडवी रेघ. माझ्या काळ्या सोंगट्या ४-४, ४-५, ५-६ आणि ६-६ वर. त्याच्या पांढऱ्या ५-५, ८-२, २-७ आणि ३-७ वर. खेळी माझी.

५-५ ची सोंगटी माझ्या तावडीत होती. ६-५ ला ठेवली, अतारी. तो ५-४ ला पळाला. ५-३, पुन्हा अतारी, तो ६-४. मी ७-४, तो ६-३. मी ६-२, तो ७-३. मी ८-३, तो ७-२, आणि तिथे तो ८-२ च्या सोंगटीला जाऊन मिळाला. पाच खेळ्या, पाचही अतारी, आणि हाती काही नाही. मग मी ७-१ ला ठेवली तर त्याने ८-४ ला ठेवून माझ्याच दोन सोंगट्या एकदम अतारीत आणल्या. एक वाचवली, दुसरी गेली, आणि तिथून डाव ढासळला.

बुद्धिबळात सलग पाच शह देता आले तर बहुतेक वेळा राजाचं काही खरं नसतं. इथे नेमकं उलटं का झालं?

जॉयस्टिक

नावाचं सांगतो, डावाचं जाणकार सांगतील.

योगायोग अजिबात नाही. नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी आधी ‘सिझिगी’ या नावाने काम करत होते. १९७१ चा ‘कॉम्प्युटर स्पेस’ हा नाणं टाकून खेळायचा खेळ त्यांचाच. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनीची रीतसर नोंदणी करायची वेळ आली तेव्हा ते नाव आधीच दुसऱ्या कुणीतरी घेतलेलं निघालं. बुशनेलला गोचा नाद होता. त्याने गो मधलेच शब्द पुढे केले: सेन्ते, हाने आणि अतारी. त्यातलं अतारी लागलं. २७ जून १९७२ ला कंपनी उभी राहिली, आणि त्याच वर्षी अ‍ॅलन अल्कॉर्नने बनवलेला ‘पाँग’ बाहेर आला.

तुमचं ते लाकडी पट्टीचं खोकं म्हणजे १९७७ चं व्हीसीएस, ज्याला पुढे २६०० म्हणू लागले. ‘अटारी’ हे एखाद्या खेळाचं नाव नव्हतं, कंपनीचं होतं. पण सगळे ‘चल, अटारी खेळू’ असंच म्हणायचे, त्यामुळे अनेकांच्या डोक्यात तेच खेळाचं नाव म्हणून बसलंय.

दोन डोळे

तिरकी चाल, डाव नीट लिहून दिलात त्याबद्दल आभार. नव्याने शिकणारे बहुधा ‘हरलो, का ते कळत नाही’ एवढंच लिहितात. मी तुमचा डाव खऱ्या पटावर मांडून बसलोय, तो समोर ठेवूनच लिहितो. गेली बरीच वर्षं मी नवीन लोकांना गो शिकवतो, आणि हा डाव मी वेगवेगळ्या हातांनी खेळलेला असंख्य वेळा पाहिला आहे.

आधी शब्द, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. अतारी हा ‘आतारु’ या जपानी क्रियापदावरून आलेला शब्द. त्याचा अर्थ सांगायला आपल्या मराठीइतकी सोयीची भाषा नाही: आतारु म्हणजे ‘लागणे’. नेम लागणे, अंदाज बरोबर लागणे, लॉटरी लागणे, या सगळ्याला जपानीत तेच क्रियापद चालतं. जॉयस्टिक यांनी वर सहज लिहिलंय की ‘अतारी लागलं’. अगदी तसंच.

आता गो मध्ये काय लागतं ते बघा. प्रत्येक सोंगटीला चार बाजूंना चार मोकळे बिंदू असतात, कडेला तीन, कोपऱ्यात दोन. यांना इंग्रजीतून ‘लिबर्टी’ म्हणतात. मी श्वास म्हणतो, आणि चिनी खेळाडूही ‘ची’ म्हणजे श्वासच म्हणतात. एकमेकींना रेघेने जोडलेल्या सोंगट्यांचे श्वास सामाईक असतात. सगळे श्वास बंद झाले की सोंगट्या पटावरून उचलायच्या. अतारी म्हणजे एकच श्वास उरल्याची अवस्था. पुढची खेळी लागली तर गेली.

शहाशी साम्य इथवरच. शह मिळाला की राजाला उत्तर द्यावंच लागतं, तो नियम आहे. अतारीला उत्तर द्यायचं बंधन नाही. समोरचा म्हणू शकतो, ‘घे ती सोंगटी, मी तेवढ्यात दुसरीकडे दोन खेळ्या मिळवतो.’ बुद्धिबळात राजा एकच, त्याच्यावर सगळा डाव. गो मध्ये एका सोंगटीची किंमत ठरलेली नसते, ती जागेवरून ठरते. जाणकार खेळाडू तर स्वतःची सोंगटी मुद्दाम अतारीत नेऊन ठेवतात, समोरच्याने ती खाल्ली की खाणारा स्वतःच एका श्वासावर येतो, आणि मग त्याचा अख्खा गट उचलला जातो.

आणि दुसरा फरक, जो तुमच्या डावात घडला. शह दिल्यामुळे राजा बलवान होत नाही. अतारी दिल्यामुळे सोंगटी बलवान होऊ शकते. मोजून दाखवतो. तुमच्या ५-५ च्या पांढऱ्या सोंगटीला डाव सुरू करताना दोन श्वास होते, ६-५ आणि ५-४. तुम्ही ६-५ बंद केला, एक उरला. तो ५-४ ला पसरला आणि पुन्हा दोन झाले, ५-३ आणि ६-४. म्हणजे तुमची एक खेळी खर्च झाली, त्याचे श्वास होते तेवढेच राहिले, आणि एका सोंगटीच्या जागी दोन सोंगट्यांचा गट उभा राहिला. तुमची ४-४ ची सोंगटी तिथे होती म्हणून दोनच. ती नसती तर त्याला तीन मिळाले असते.

पुढे तुम्ही जे केलंत त्याला शिडी म्हणतात, जपानीत ‘शिचो’. दर खेळीला अतारी, दर खेळीला एक पायरी, एकदा खाली, एकदा उजवीकडे. शिडी वाईट नाही. उलट तुमच्या पटावरून ८-२ ची सोंगटी उचलून बाजूला ठेवा आणि पुन्हा खेळून बघा. त्याच पाच अतारींनंतर तो ७-२ ला येतो, तुम्ही ७-१, तो ८-२, तुम्ही ९-२, तो ८-१, तुम्ही ९-१, आणि शिडीत चढलेल्या सगळ्या सोंगट्या उचलल्या जातात. मी आत्ता करून पाहिलं, एकूण आठ निघाल्या.

पण ८-२ ला पांढरी होती. शिडीच्या वाटेवर समोरच्याची एक सोंगटी असली की त्याला आधार मिळतो. तो सातव्या रेघेवरून तिला मिळाला तेव्हा त्याचे तीन श्वास झाले, ७-१, ८-१ आणि ९-२. आणि तुमच्या मागे काय राहिलं ते पाहा. शिडी चढवताना ठेवलेल्या सोंगट्या एकमेकींपासून तुटलेल्या असतात. ७-४ आणि ८-३ या दोघींचा ८-४ हा सामाईक श्वास. त्याने तिथे ठेवली आणि दोघी एकाच वेळी अतारीत. दुसऱ्या बाजूला ५-३ आणि ६-२ यांचंही तेच, ५-२ ला पांढरी आली की दोघी अतारीत. शिडी मोडली तर मोडणाऱ्यापेक्षा चढवणाऱ्याचं नुकसान कितीतरी जास्त, ते यामुळे. म्हणून पहिली अतारी देण्याआधी बोट पटावरून शेवटपर्यंत फिरवून बघायचं. तिरकी वाट कडेपर्यंत मोकळी आहे का, एवढंच.

मी शिकायला लागलो तेव्हा दर अतारीला मोठ्याने ‘अतारी!’ म्हणायचो. मला शिकवणारे गृहस्थ फार कमी बोलायचे. पहिली आणि मधली बोटं यांच्यात सोंगटी धरून ते थांबायचे, माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, ‘बरं. मग?’ मला उत्तर यायचं नाही. ते सोंगटी खाली ठेवायचे, तो लाकडाचा टक असा आवाज यायचा, आणि माझी अतारी फुकट गेलेली असायची. महिनाभर रोज ‘बरं, मग?’ ऐकल्यावर मी अतारी द्यायच्या आधी ते स्वतःला विचारायला लागलो. खरं गो तिथून मला दिसायला लागलं, असं मी मनापासून सांगतो.

तर मग काय खेळायचं? ६-४. अतारी न देता, ५-५ च्या लगतच्या तिरक्या बिंदूवर. याला जाळं म्हणतात, जपानीत ‘गेता’. तो ६-५ ला निघाला तर तुम्ही ७-५, त्याला ५-४ हा एकच श्वास. तो ५-४ ला आला तर तुम्ही ५-३ आणि तीन सोंगट्या तुमच्या. तो आधी ५-४ ला निघाला तर तुम्ही ५-३, तो ६-५, तुम्ही ७-५, पुन्हा तीन. ८-२ ची सोंगटी इतकी लांब राहते की तिचा काही उपयोग होत नाही. पट मांडून हाताने खेळा, नुसतं वाचून हे अंगात उतरत नाही.

पायरी पायरी

फार सुंदर समजावलंत. मी अजून नियमच शिकतेय. एक शंका. बुद्धिबळात ‘शह’ म्हणतात तसं गो मध्ये ‘अतारी’ मोठ्याने म्हणायचा नियम आहे का? आणि अगदी सुरुवात करणाऱ्यांनी कशापासून सुरू करावं? १९ बाय १९ चा, ३६१ बिंदूंचा पट बघूनच दडपण येतं.

दोन डोळे

नियम नाही. नवशिक्यांना सवय लागावी म्हणून काही शिकवणारे म्हणायला लावतात, त्यात काही गैर नाही. पण सरावलेल्या खेळाडूंमध्ये म्हणत नाहीत. समोरच्याला दिसत नसेल असं गृहीत धरणं त्याला खटकू शकतं. स्पर्धेत तर शांतताच असते.

सुरुवातीसाठी ९ बाय ९ चा पट घ्या, म्हणजे ८१ बिंदू, आणि ‘अतारी-गो’ खेळा. नियम एकच: जो पहिली सोंगटी पकडेल तो जिंकला. जमीन (सोंगट्यांनी वेढलेली मोकळी जागा) मोजणं नाही, गुण नाहीत. यासुतोशी यासुदा या ९ दानच्या (म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या) जपानी व्यावसायिक खेळाडूने लहान मुलांना आणि वृद्धांना याच रीतीने खेळाकडे आणलं. मीही नव्या माणसाला पहिले दहा डाव हेच खेळायला देतो. दोन-तीन डावांतच माणूस आपणहून श्वास मोजायला लागतो. मग एखाद्या डावात कुणीच कुणाला पकडू शकत नाही अशी वेळ येते, आणि तो विचारतो, ‘आता जिंकलं कोण?’ त्या क्षणी जमीन मोजायला शिकवायचं. आधी नाही.

जॉयस्टिक

दोन डोळे यांनी डाव उलगडला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ती पांढरी सोंगटी ५-५ ला आहे, म्हणजे ९ बाय ९ च्या पटाच्या बरोबर मध्यबिंदूवर. या बिंदूला गो मध्ये ‘तेंगेन’ म्हणतात ना? कारण अटारीच्या गोष्टीत हाही शब्द येतो.

१९८४ मध्ये अटारीचे दोन तुकडे झाले. घरगुती यंत्रं आणि संगणकांचा भाग जॅक ट्रॅमिएलने विकत घेतला, तो झाला अटारी कॉर्पोरेशन. नाण्यावर चालणाऱ्या खेळांचा भाग वेगळा राहिला, तो अटारी गेम्स. पुढे अटारी गेम्सला घरगुती यंत्रांसाठी खेळ काढायचे होते, पण त्या बाजारात अटारी हे नाव वापरायचा हक्क दुसऱ्या तुकड्याकडे होता. मग १९८७ मध्ये त्यांनी नवी शाखा काढली आणि नाव ठेवलं टेंगेन. पुन्हा गोचाच शब्द. त्यांनी १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या यंत्रासाठी काढलेलं टेट्रिस कोर्टकज्ज्यात सापडलं आणि दुकानांतून परत घ्यावं लागलं.

बुशनेल स्वतः अटारीतून बाहेर पडल्यावर १९८० च्या दशकात पुन्हा नाण्यांवरच्या खेळांत आला, त्या कंपनीचं नाव सेन्ते. १९७२ च्या यादीतला उरलेला शब्द. हानेच्या नशिबी मात्र काही आलं नाही असं दिसतं.

दोन डोळे

हो, तोच तेंगेन. मोठ्या पटावर १०-१०.

आणि सेन्तेचं ऐकून मला मनापासून आनंद झाला, कारण तो शब्द आपल्या चर्चेचा गाभाच आहे. सेन्ते म्हणजे पुढाकार. तुम्ही अशी खेळी करता की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि मग पुढची खेळी कुठे करायची हे पुन्हा तुम्ही ठरवता. अतारी देताना नवशिक्याला वाटतं की पुढाकार आपल्याकडे आहे. तिरकी चाल यांच्या पाच खेळ्यांत तो वरवर त्यांच्याकडेच होता. पण प्रत्येक उत्तराने समोरच्याला हवं तेच मिळत होतं. आपल्याकडे ‘शहाला काटशह’ म्हणतात, त्यात काटशह देणाऱ्याला काहीतरी वेगळं शोधावं लागतं. इथे त्या बिचाऱ्याला शोधावंही लागलं नाही, सरळ पुढे पळायचं होतं.

याला उलट उदाहरणही आहे, नाहीतर एकच बाजू सांगितली असं होईल. २००३ मध्ये ली सेदोल या कोरियन व्यावसायिक खेळाडूने होंग चांग-सिकविरुद्धच्या डावात मोडलेली शिडी मुद्दाम चढवली. म्हणजे ही शिडी चालत नाही हे त्याला ठाऊक होतं, समोरच्याला ठाऊक होतं, बघणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तरी तो एकामागून एक अतारी देत पटभर गेला, कारण त्या वाटेवर पडणाऱ्या त्याच्या सोंगट्या दुसऱ्या बाजूच्या पांढऱ्या गटाला वेढत होत्या. डाव त्यानेच जिंकला. मी तो डाव किती वेळा मांडलाय याची मोजदाद नाही. प्रत्येक अतारीशी ‘बरं, मग?’ विचारलं तर त्याच्याकडे उत्तर आहे.

जॉयस्टिक

ली सेदोल म्हटल्यावर राहवत नाही. मार्च २०१६ मध्ये सोलला अल्फागो या संगणक प्रणालीने त्याला ४-१ असं हरवलं. अल्फागो बनवणाऱ्या डीपमाइंडने त्याआधी काय केलं होतं माहीत आहे? २०१३ मध्ये त्यांनी अशी प्रणाली दाखवली जी नुसता पडदा आणि गुण बघून अटारी २६०० चे खेळ स्वतःच शिकत होती. २०१५ च्या शोधनिबंधात असे ४९ खेळ होते. म्हणजे तिरकी चाल यांच्या लहानपणीच्या त्या खोक्यावरून सुरुवात, आणि तिथून गोपर्यंत. ज्या पटावरून नाव घेतलं होतं त्याच पटावर गाडी येऊन थांबली.

तिरकी चाल

सगळ्यांचे खूप आभार. नावाची गोष्ट इतकी लांबवर जाईल असं वाटलं नव्हतं, आणि ‘लागणे’ हा अर्थ तर आता विसरणं शक्य नाही.

काल रात्री पुठ्ठ्यावर पट आखला, काळी बटणं आणि पांढरी बटणं घेतली आणि डाव मांडला. आधी ८-२ काढून शिडी शेवटपर्यंत चढवली. आठ निघाल्या. मग ८-२ परत ठेवून ६-४ चं जाळं टाकलं. ६-५ चा मार्ग खेळून बघितला, ५-४ चा बघितला, दोन्हीकडे तीन तीन सोंगट्या उचलल्या. उचलताना जी मजा आली ती अ‍ॅपवर येत नाही, तिथे त्या आपोआप नाहीशा होतात.

एकच अडलंय. समजा जाळं टाकल्यावर तो आतून पळालाच नाही. बाहेरून ५-३ ला येऊन ठेवली, म्हणजे पुढच्या खेळीला ५-४ ने दोन्ही जोडता येतील. मग? मी ५-४ ला ठेवली तर ती पुन्हा अतारी होते, म्हणून हात थांबला.

दोन डोळे

बटणांचा पट उत्तम. माझा पहिला पट पुठ्ठ्याचाच होता.

हात थांबला हे बरोबर झालं, पण आता ठेवा. ५-४ ला काळी. ती तुमच्या ४-४ ला आणि ६-४ ला जोडली जाते, म्हणून ती कुणी तोडू शकत नाही. ५-५ ला आता एकच श्वास उरतो, ६-५. तो तिथे गेला तर वर ६-६ तुमची, खाली ६-४ तुमची, फक्त ७-५ मोकळी. तुम्ही ७-५, दोन सोंगट्या उचला. तो ६-५ ला गेलाच नाही आणि दुसरीकडे खेळला, तर तुम्ही ६-५ ला ठेवून एक उचला.

आता त्याला बाहेरून ७-५ ला ठेवू द्या आणि काय करायचं ते मला न विचारता शोधा. उत्तर इथेच लिहा, मी पट मांडून ठेवतो.